परत केलेला वजीर

सोलापूरच्या शिक्षकमंडळींत एक गोष्ट गेली चार वर्षं फिरते आहे. बुद्धिबळाच्या स्पर्धेत एका बाईंचा वजीर चुकून फुकट जात होता. समोर बसलेल्या सरांनी तो घेतला नाही. एकदा नव्हे, दोनदा परत दिला, आणि वर डाव बरोबरीत सोडला. ही गोष्ट मी एका मुंजीच्या पंगतीत ऐकली, बसस्टँडवर ऐकली, आणि मागच्या महिन्यात आम्ही शिक्षिका पेपर तपासायला बसलो असताना एका नव्या शिक्षिकेने ती मलाच सांगितली.

"काय मन असेल ना बाई त्या माणसाचं!" ती म्हणाली.

मी लाल पेन्सिल खाली ठेवली. म्हटलं, "ती बाई मी."

ती हसली. तिला वाटलं मी विनोद केला.

मी विनोद करत नाही. म्हणून जे झालं ते क्रमाने लिहिते आहे.

मी मुलींच्या शाळेत गणित शिकवते. शाळेचं वेळापत्रक, परीक्षेत कोण कुठल्या वर्गावर, सहलीला किती डबे आणि किती पिंपं पाणी, ही सगळी कामं माझ्याकडे येतात, कारण मी याद्या करते आणि त्या पाळते. घरीही स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला यादी लटकलेली असते. आमचे यजमान म्हणतात, हिला स्वप्न पडलं तरी ही आधी त्याचे मुद्दे काढेल. म्हणोत. घरात रॉकेल कधी संपलेलं नाही.

बुद्धिबळ मला वडिलांनी शिकवलं. ते मंगळवेढ्याला शाळामास्तर होते. ज्वारीची काढणी उरकली की गावातले तीन-चार जण आमच्या ओसरीवर डाव मांडत. खेळ अर्थात देशी पद्धतीचा. त्या खेळाला एक रीत होती. समोरच्याच्या वजिरावर मारा आला की तोंडाने "वजीर" असं सांगायचं. तरीही त्याच्या नजरचुकीने वजीर गेला तर परत द्यायचा. वजीर फुकटात मिळवून जिंकलेल्या डावाला वडील डावच म्हणत नसत. "पाकीट मारल्यासारखं आहे ते," म्हणायचे. म्हणजे ही रीत मला ठाऊक नव्हती असं कुणी समजू नये. मी तिच्यातच वाढले. चांगली रीत आहे. चांगल्या रीतीने माणसाचं किती वाटोळं करता येतं, हे मला पुढे कळलं.

दुष्काळाच्या साली परदेशात दोन मोठ्या खेळाडूंचा सामना झाला आणि रोज रेडिओवर त्याची बातमी यायला लागली. सोलापुरात तेव्हा प्यायला पाणी मोजून होतं, पण बुद्धिबळाचे पट मात्र दुकानांतून संपले. आमच्या शाळेनेही तीन पट घेतले आणि ग्रंथालयात गाजलेल्या डावांचं एक इंग्रजी पुस्तक आलं. ते नेणारी मी एकटीच होते. खेळ्या लिहायची पद्धत त्यात पहिल्या दोन पानांवर दिली होती. ती मला एका संध्याकाळीत आली, कारण ती आलेखावरच्या बिंदूंसारखीच आहे. मग रात्रीचा स्वयंपाक चढवायच्या आधी अर्धा तास, स्वयंपाकघरातल्या पाटावर पट ठेवून, मी एकेक डाव पुस्तकात बघून लावत गेले.

त्यातला एक डाव फार जुना होता. पांढऱ्याने काळ्याचा राजा कोपऱ्यात रेटला होता. आणि मग त्याने आपला वजीर उचलून सरळ त्या राजाच्या शेजारच्या घरात नेऊन ठेवला. तिथे काळ्याचा हत्ती तो वजीर आरामात खाऊ शकत होता. मला राग आला. मला वाटलं, छपाईची चूक. आमच्या गणिताच्या पुस्तकांत अशा चुका मी दरवर्षी काढते आणि मंडळाला कळवते. मी ग्रंथालयाच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने लिहिलंसुद्धा, "चूक?"

तीन संध्याकाळी मी त्या जागेवर अडले होते. तिसऱ्या दिवशी भाजी करपली आणि मला ते दिसलं. पांढऱ्याच्या वजिराला मागून घोड्याचा आधार आहे, म्हणून राजा स्वतः तो खाऊ शकत नाही. हत्तीने खायचा, दुसरा इलाजच नाही. पण हत्ती तिथे आला की कोपऱ्यातल्या राजाच्या भोवतीची तिन्ही घरं त्याच्याच माणसांनी भरतात. एका बाजूला त्याचाच हत्ती, पुढे त्याचीच दोन प्यादी. मग पांढऱ्याचा घोडा एक उडी मारतो आणि शह देतो. राजाला हलायला जागा नाही. मात. पटावर सगळ्यात मोठं मोहरं देऊन टाकायचं आणि एका घोड्याने डाव मारायचा.

मी खोडरबर घेऊन समासातला तो शब्द पुसला. करपलेली भाजी त्या दिवशी सगळ्यांनी खाल्ली.

तेव्हापासून माझ्या मनात एक गोष्ट होती. ती मी कुठल्या यादीत लिहिली नव्हती. आयुष्यात एकदा, खऱ्या माणसासमोर, खऱ्या डावात, मला माझा वजीर असा देऊन बघायचा होता.

दोन वर्षांनी जिल्ह्यातल्या शिक्षकांची स्पर्धा जाहीर झाली. मे महिन्याची सुट्टी, एका शाळेचं सभागृह, जमिनीवर चादरी अंथरून पट. सहा फेऱ्या, आणि पहिले चौघे पुण्याला विभागाच्या स्पर्धेला जाणार. स्पर्धेचे नियम सुवाच्य अक्षरात लिहून भिंतीवर लावायचं काम माझ्याकडेच आलं. अकरा नियम होते. चौथा असा: खेळलेली खेळी परत घेता येणार नाही. मी तो तांबड्या शाईने लिहिला होता.

एकोणतीस खेळाडूंत बाई मी एकटी. पाच फेऱ्या झाल्या तेव्हा पहिले तिघे जवळपास ठरले होते. चौथी जागा उरली होती आणि तिच्यासाठी दोघं होतो, मी आणि मुलांच्या शाळेतले संस्कृतचे सर. शेवटच्या फेरीत आमचीच गाठ पडली. सर माझ्यापेक्षा अर्ध्या गुणाने पुढे होते. म्हणजे त्यांना बरोबरी पुरत होती. मला जिंकणं भाग होतं.

पुणं मला का हवं होतं, ते सांगते. फिरायला नव्हे. सोलापुरात मी ज्यांच्याशी खेळू शकत होते ते सगळे ओसरीवरचे खेळाडू होते. पुण्याला पुस्तक वाचून खेळणारी माणसं असतील, असं मला वाटत होतं. त्यांच्यासमोर बसायचं होतं. त्यासाठी मी काय काय केलं होतं तेही सांगते. मुलांसाठी सासूबाईंना सांगोल्याहून आधीच बोलावून घेतलं होतं. वळकटी बांधली होती. यजमानांच्या शर्टांची बटणं लावून ठेवली होती. तीन दिवसांच्या स्वयंपाकाचा तक्ता दारामागे लटकत होता.

सर तेव्हा निवृत्तीला आले होते. गावात त्यांच्या खेळाचा दबदबा होता. स्वतःचं तांब्या-भांडं घेऊन यायचे, पटाच्या उजव्या बाजूला ठेवायचे, आणि समोरच्याच्या वजिराला धोका आला की अगदी हळू, आदबीने म्हणायचे, "वजीर हं." माझ्याशी खेळतानाही दोनदा म्हणाले. दोन्ही वेळा मी आधीच पाहिलं होतं, पण मी "हो" म्हटलं.

नव्या पद्धतीतला किल्लेकोट त्यांना नुकताच सापडला होता. देशी खेळात तो नसतो. नवी छत्री मिळालेला माणूस ऊन नसतानाही उघडतो, तसे ते प्रत्येक डावात पहिल्या दहा खेळ्यांत राजाला कोपऱ्यात नेऊन बसवायचे. याही डावात बसवला. आणि देशी खेळात राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारायची मुभा असते, म्हणून त्या खेळावर पोसलेल्या माणसाला आपलाच राजा आपल्याच माणसांत कोंडला जाईल ही शंका येत नाही. हे मी आज लिहिते आहे. तेव्हा मला एवढंच दिसलं की घोडा आला, वजीर आला, राजा कोपऱ्यात सरकला आणि पटावर माझं पुस्तकातलं पान उघडलं आहे.

खेळ्या लिहायची वही मांडीवर होती. सभागृहात खेळ्या लिहिणारी मी एकटीच होते. आधी वहीत खेळी लिहिली, मग वजीर उचलला आणि त्यांच्या राजाच्या शेजारी ठेवला. "शह," म्हटलं.

बाकीचे डाव संपले होते, त्यामुळे आमच्याभोवती गर्दी होती. गर्दीतून एकदम "अरेरे" असा आवाज आला.

पंच होते पीटीचे सर. मूळचे सांगोल्याकडचे, गळ्यात शिट्टी. ते वाकले आणि म्हणाले, "आवो बाई, हे काय केलंसा? वजीर चालला की!"

"दिसतंय मला," मी म्हटलं.

संस्कृतचे सर हसले. वाईट हसले नाहीत. वर्गात चुकलेल्या मुलीकडे बघून हसतात तसे. दोन बोटांनी माझा वजीर उचलला आणि तो जिथून आला होता तिथे नेऊन ठेवला.

"असू द्या बाई. उन्हानं होतं असं. दुसरं काही खेळा."

"सर, मी खेळी केली आहे. तुम्ही हत्तीने घ्यायचा."

"मी बायकांचा वजीर फुकटात घेत नाही."

"वा!" मागून कुणीतरी म्हणालं. आणखी दोघांनी "वा" म्हटलं. एकजण बोलला, "अशी माणसं राहिली नाहीत आता."

मी भिंतीकडे हात केला. "नियम चार वाचा. खेळलेली खेळी परत घेता येत नाही."

सगळे हसले. पंचही हसले. "बाई स्वतःवरच केस लावायला लागल्या! नियम हाय बाई, पण तो कुणासाठी? ज्याचं नुकसान होतं त्यानं तक्रार करायची. सर तर स्वतः होऊन परत देतायत. तुमचं काय नुकसान हाय ह्यात?"

"माझंच नुकसान आहे."

"ते कसं?"

इथे माझी चूक झाली आणि ती मी कबूल करते. दोन वाक्यांत सांगता आलं असतं: हत्तीने घेतलं की घोडा येतो, राजाला जागा नाही. पण डाव चालू असताना पुढची खेळी तोंडाने सांगायची नाही, हे वडिलांनी माझ्या बोटांवर पट्टी मारून शिकवलं होतं. शिवाय मला ते सांगायचं नव्हतं. घडलेलं बघायचं होतं. दोन वर्षं मी त्या एका उडीची वाट बघत होते, ती काय पीटीच्या सरांना तोंडी समजावून सांगू?

"ते पटावर दिसेल," मी म्हटलं. वजीर पुन्हा उचलला आणि पुन्हा राजाच्या शेजारी ठेवला. या वेळी जरा जोरात. तांब्यातलं पाणी हललं.

"बाई, आवो..." पंच म्हणाले.

"शह."

सरांचा हात हत्तीकडे गेला. मी आजही शपथेवर सांगते, हात हत्तीपर्यंत गेला होता. बोटं त्याच्यावर टेकणार, तेवढ्यात थांबली. त्यांनी माझ्या घोड्याकडे पाहिलं. मग आपल्या राजाकडे. मग राजापुढच्या दोन प्याद्यांकडे. पुन्हा घोड्याकडे. मी त्यांचे डोळे एकेका घरावरून जाताना बघत होते. मी रोज चाळीस मुलींचे डोळे बघते. कुणाला उदाहरण सुटलं आणि कुणाला नाही, ते वही न बघता मला कळतं.

त्यांना सुटलं होतं.

हात परत आला, त्यांनी तांब्या उचलला, पाणी प्यायले, तोंड पुसलं. आणि मांडी मोडून मागे रेलून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "बाई हट्टाला पेटल्यात. आता मी घेतला तर जिंकेन, पण लोक काय म्हणतील? एका बाईला हरवून पुण्याला गेला. मला तसं जायचं नाही. हा डाव बरोबरी. काय पंच?"

आणि कुणी काही बोलायच्या आत त्यांनी हाताच्या आडव्या फटक्याने पटावरची सगळी मोहरी गोळा केली.

टाळ्या पडल्या. पंचांनी हौसेने शिट्टी फुंकली. मी बसल्या जागी ओरडले, "ते पुण्याला बरोबरीनेच जातायत!" पण शिट्टीत ते कुणाला ऐकू गेलं असेल तर त्याने तसं दाखवलं नाही. नियमाप्रमाणे त्या माणसाकडे फक्त एक खेळी होती. हत्तीने वजीर घेणे. दुसरी कुठलीच नव्हती. ती एकच खेळी करायची नाकारून तो बरोबरी घेऊन गेला, पुणं घेऊन गेला, आणि वर मोठेपणाही घेऊन गेला.

मी वही घेऊन स्पर्धेच्या कार्यवाहांकडे गेले. ते दुसऱ्या खोलीत प्रशस्तिपत्रकांवर शिक्के मारत होते. बुद्धिबळ त्यांना बऱ्यापैकी समजत असे. वही त्यांनी नीट वाचली, बोट ठेवून, दोनदा. मग चष्मा काढला.

"बाई, तुमचं बरोबर आहे असं दिसतंय."

"मग निकाल बदला."

"कसा बदलू? चाळीस माणसांसमोर सरांनी मोठेपणा दाखवला. आता मी जाऊन सांगू, की सर, तुम्ही हरला होता? बरं दिसतं का ते?"

"स्पर्धा बुद्धिबळाची होती. बरं दिसण्याची नव्हती."

"चिडू नका हो. अजून एक सांगतो, मनात ठेवा. तुम्ही आला असता तर तीन पुरुष आणि एक बाई. पुण्यात तुमची सोय कुठे करायची, या विचाराने आठ दिवस झोप नव्हती आम्हाला. परस्पर सुटला बघा प्रश्न."

त्यांनी पुढच्या प्रशस्तिपत्रकावर शिक्का मारला. मी म्हटलं, "नाव खाली गेलंय, शिक्का तिरका पडलाय." आणि निघाले. दुसरं काही बोलले असते तर शिवी गेली असती, आणि शिवी दिली असती तर सगळ्यांना तीच लक्षात राहिली असती.

घरी सासूबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. "आलीस? जिंकलीस न्हवं?"

"बरोबरी."

"म्हंजी मी ऱ्हाऊ का जाऊ?"

मी वळकटीची दोरी सोडायला घेतली आणि गाठ सुटेना म्हणून कात्रीने कापली. चांगली नवी दोरी होती.

तीन दिवस मी वाट बघितली. कशाची, ते मला नीट सांगता येणार नाही. बहुधा सर येतील आणि म्हणतील, बाई, मी पाहिलं होतं, अशी. ते आले नाहीत. पुण्याची यादी सोमवारी जाणार होती. रविवारी, गिरणीचा तीनचा भोंगा झाल्यावर, मी पट आणि मोहऱ्यांची पिशवी काखेत मारली, वहीत एक चिठ्ठी घातली आणि त्यांच्या घरी गेले.

दार त्यांच्या पत्नीने उघडलं. आत सुपात शेंगा होत्या, त्या फोडत बसल्या होत्या. मला त्यांनी बसायला पाट दिला. सर झोपाळ्यावर होते. मला बघून उठले.

"या बाई, या. अगं, पन्हं कर."

"पन्हं नंतर," मी म्हटलं. जमिनीवर पट मांडला आणि वही उघडून एकेक मोहरं जागेवर लावलं. बरीच होती, वेळ लागला. त्या वेळात सर दोनदा म्हणाले, "झालं गेलं आता कशाला," आणि एकदा म्हणाले, "ऊन फार आहे यंदा." शेवटी वजीर उचलून त्यांच्या राजाशेजारी ठेवला.

"घ्या."

"बाई, खेळ आहे हा. मी आपलं चांगल्या भावनेनं..."

"घ्या सर."

ते पटाकडे बघत उभे राहिले. त्यांच्या पत्नीला बुद्धिबळातलं काही कळत नसावं. त्या शेंगा फोडता फोडता म्हणाल्या, "अहो, त्या एवढ्या उन्हाच्या द्यायला आल्यात, तर घ्या की!"

सर खाली बसले. त्यांनी हत्तीने वजीर घेतला. मी घोडा उचलून ठेवला.

"मात."

"म्हणजे तुम्ही हरलात का?" पत्नीने विचारलं.

"हो," सर म्हणाले.

मग त्यांनी पटाकडे पाहिलं. आपला हत्ती एकदा उचलला, पुन्हा ठेवला. राजाची तिन्ही घरं बोटाने मोजली. "सुंदर आहे," म्हणाले. खरंच म्हणाले. खोटं वाटलं नाही, म्हणून तर मला आणखी राग आला. ते कौतुक त्या दिवशी सभागृहात करायचं होतं.

"पहिल्या वेळी दिसलं नव्हतं, बाई. देवाशपथ."

"आणि दुसऱ्या वेळी?"

"दुसऱ्या वेळी दिसलं."

"मग?"

"पहिल्यांदा परत दिला तेव्हा सगळे वा वा म्हणाले ना. त्यानंतर घेतला असता आणि लगेच मात झाली असती तर... शोभा झाली असती हो."

"तुमची शोभा होऊ नये म्हणून माझी जागा गेली."

वहीतून चिठ्ठी काढून मी त्यांच्यापुढे ठेवली. दोनच ओळी होत्या. सहाव्या फेरीचा डाव मी हरलो होतो, निकाल तसा दुरुस्त करावा. खाली सहीसाठी जागा. पेन टोपण काढून शेजारी ठेवलं.

सरांनी ती वाचली. चांगलं अक्षर आहे, म्हणाले. मग म्हणाले, "बाई, मी जूनमध्ये निवृत्त होतोय. यानंतर मला शिक्षक म्हणून कुठं खेळता येणार नाही. तुमचं काय, तुम्हाला पुढच्या वर्षी आहेच की."

"पुढच्या वर्षी कुणीतरी दुसरा मोठ्या मनाचा भेटेल."

"एवढं मनाला लावून घेऊ नका."

त्यांच्या पत्नीचे हात थांबले होते. त्या म्हणाल्या, "करा की सही. हरलात म्हणालात ना आत्ता?"

"तुला नाही कळायचं त्यातलं," सर म्हणाले. चिठ्ठीची नीट घडी घातली आणि मला परत दिली. पेनाचं टोपणही लावून दिलं.

मी मोहरी पिशवीत भरली. पन्हं घेतलं नाही. निघताना त्यांच्या पत्नीने उंबऱ्यात थांबवून कुंकू लावलं आणि ओंजळभर शेंगा पुढे केल्या. कुंकू लावून घेतलं. शेंगा घेतल्या नाहीत. त्यांचा काही दोष नव्हता हे मला कळत होतं, पण त्या घरातून काही हातात घेऊन निघावं असं वाटेना.

सोमवारी यादी गेली. सर पुण्याला जाऊन आले. तिथे त्यांचं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही, आणि कुणी सांगायला आलं तर विषय बदलते.

त्या रविवारी संध्याकाळी मी सरांकडून घरी आले तेव्हा सासूबाई आपलं बोचकं बांधत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "एवढं काय झालंया त्या खेळात? चार दीस झालं, घरात कुणाशी धड बोलंनास."

मी स्वयंपाकघरात पट मांडला. सासूबाईंनी जन्मात कधी मोहऱ्याला हात लावलेला नव्हता. मी सांगितलं, हा काळा राजा, ह्याला आपण कोंडीत पकडलंय. हा माझा वजीर, माझा सगळ्यात मोठा गडी. तो मी ह्याच्यापुढे टाकला. ह्याला तो खावाच लागतो, हत्तीने. खाल्ला की बघा, आता हा घोडा इथे येतो.

त्या पटावर वाकल्या. राजाच्या भोवती त्यांनी बोट फिरवलं. "हितं हत्ती. हितं दोन बारकी. समदी ह्येचीच माणसं की."

"हो."

"आपल्याच माणसांत आडाकला. हलाया जागा न्हाय."

"बरोबर."

"मग एवढा शिकला-सवरलेला गडी, त्येला हे दिसंना व्हय?"

"दिसलं होतं, आई. त्यांनी आज कबूल केलं."

"आन् तरी सही करंना?"

"नाही केली."

सासूबाई उठल्या, लुगड्याचा काष्टा सारखा केला आणि बोचक्याची गाठ आवळली.

"मग लबाड हाय की त्यो," म्हणाल्या. "सकाळच्या येष्टीला दोन भाकरी बांध मला. आन् त्या माणसाला पुन्हा भेटलीस तर 'सर' म्हणू नगंस."

मी भाकरीला पीठ काढलं. नंतरच्या चार वर्षांत ते मला रस्त्यात कितीतरी वेळा भेटले आहेत. नमस्कार करतात. मी नमस्कार करते. सर म्हणत नाही.